नाक्कुरचा दोर

२ ऑक्टोबर

तीन मेंढ्या नाक्कुरच्या कड्यात अडकल्यात. गावातला निक्लास सकाळी होडी घेऊन त्या टोकाला वळसा घालून आला, त्याने खालून पाहिल्या. हिरव्या गवताच्या लोभाने उतरल्या, आता ना वर येता येत ना खाली जाता. मेंढ्याच त्या!

दान्याल कॉफी पिताना म्हणाला, "कुणीतरी उतरायला हवं."

मी म्हटलं, "मरू देत."

त्याने कप विसळून ठेवला. गप्प बसण्यात माझा नवरा पटाईत आहे.

३ ऑक्टोबर

वारा. उकडलेले बटाटे, कालचंच मांस. लिहिण्यासारखं काही नाही.

४ ऑक्टोबर

शेजारची एल्स्पा आली होती. सांगत होती, चर्चच्या मागे उभं राहिलं की मेंढ्यांचं ओरडणं ऐकू येतं. "देवाच्या दारात उभं राहून असं ऐकत बसायचं, बरं नाही दिसत गं रान्वा!" मग माझ्याकडे न बघता, साखर ढवळत — "तो उतरायला तयार आहे म्हणे."

तो! सगळं गाव माझ्यासमोर असंच म्हणतं. नाव घेत नाहीत.

मीच लिहिते. ऐदुन. माझा धाकटा दीर. लिहितानासुद्धा तोंड कडू झालं.

माझा बारुर पक्षी धरायला नाक्कुरवरून खाली उतरला होता. दोरावर वर दोघंच, बाप आणि काका. पुढे ऐदुन, मागे दान्याल. मी इथे, याच टेबलाशी, बटाटे सोलत होते. ऐदुन आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "माझ्या हातून सुटला, वहिनी."

हातून सुटला! तेवीस वर्षांचा माझा मुलगा — जशी काही बशी!

तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द नाही. माझ्याकडे बघून गावानेही सोडलं त्याला. कुणी होडीवर घेईना, कुणी नाचाच्या रिंगणात हात देईना. त्याची बायको सान्ना दोन हिवाळे कशीबशी राहिली, मग क्लाक्सविकला बहिणीकडे गेली ती गेलीच. नाताळात तो आमच्या दाराला मेंढीची वाळवलेली मांडी टांगून जायचा. पहिल्या वर्षी मी ती समुद्रपक्ष्यांना घातली. त्याच्या खिडकीसमोर जाऊन, त्याला दिसेल अशी. हो. मुद्दाम!

दान्यालने मला एकदाही अडवलं नाही. भावाची बाजू कधी घेतली नाही. म्हणून तर मी याच्याबरोबर नांदू शकले.

५ ऑक्टोबर

अट घातलीय त्याने! एल्स्पा धापा टाकत सांगायला आली. "वहिनी दोरावर असेल तरच उतरीन" म्हणतो.

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का त्याचं?"

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, वहिनीला फक्त विचार."

दान्याल दारातच उभा होता. रंग उडाला चेहऱ्याचा. "काही गरज नाही. मी, तू नि निक्लास — पुरे आपण," असं एल्स्पाला म्हणाला आणि खोपीत निघून गेला, कुऱ्हाडीला धार लावत बसला. धार होतीच तिला.

काय हवंय ऐदुनला? माझ्या हातात जीव देऊन माफी उकळायचीय? की बारुर गेला त्याच जागी मला उभं करायचंय? नाक्कुरवर पाय ठेवणार नाही असं मी म्हटलं होतं, साऱ्या गावाला माहीत आहे ते.

दान्याल जेवताना — "तू नको जाऊस."

"का?"

"थंडी आहे."

थंडी! या बेटावर जन्म काढला आणि याला आज थंडी वाजली!

जाणार. बघू दे ऐदुनला माझं तोंड.

६ ऑक्टोबर

वारा पडत नाही. एल्स्पा म्हणते, आता दोनच ओरडतात.

७ ऑक्टोबर

जाऊन आले. हात धडपणी लिहू देत नाहीत, तरी लिहिते.

सकाळी वारा पडला. चौघं वर चढलो, ऐदुन आधीच जाऊन बसला होता. नाक्कुर तसाच आहे. मला उगाच वाटत होतं, काहीतरी बदललं असेल! गवताचा उतार छान मऊ, गादीसारखा, आणि मग एकदम संपतो. पुढे काळे दात. खाली पांढरं पाणी उसळतंय, त्याचा आवाज मात्र उशिरा वर येतो. मेल्याला माझा मुलगा खाऊन ढेकरसुद्धा आला नाही.

तिथला खडक ठिसूळ, खुंटी धरत नाही. म्हणून माणसंच खुंट्या. निक्लास कडेला पालथा झोपला, खाली नजर ठेवायला. ऐदुनने आम्हाला उभं केलं. दान्याल पुढे, एल्स्पा मध्ये, मी शेवटी. एल्स्पा म्हणाली, "माझ्या वजनाचा आज तरी उपयोग होऊ दे! डॉक्टरला कळवा रे कुणीतरी." कुणी हसलं नाही.

ऐदुन माझ्याजवळ आला. म्हातारा झालाय. दोर माझ्या कमरेमागून फिरवला, म्हणाला, "टाचा या खळग्यात रोव, वहिनी. दान्यालकडे बघू नको. दोराकडे बघ."

मी टाचा रोवल्या. थुंकावंसं वाटलं, पण नाही थुंकले.

मग तो कडेवरून गेला. आधी पाय, मग छाती, शेवटी टोपी. दोराला त्याचं वजन आलं, माझ्या हातात आलं — आणि मनात आलं, आता! फक्त बोटं उघडायची. पुढच्या दोघांना काय पेलवणार? मग त्याच्या रिकाम्या घरासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "माझ्या हातून सुटला." तेच वाक्य. अक्षर न् अक्षर तेच!

असं मनात आलं. खोटं कशाला लिहू? पण हात ऐकेनात. मुठी वळलेल्या त्या वळलेल्याच.

एक मेंढी वर आली. मग दुसरी, लाथा झाडत. तिसरी मरून पडली होती. निक्लास ओरडला, "आता तो येतोय, ओढा!" आम्ही ओढू लागलो. आणि खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. पायाखालचा दगड निसटला त्याच्या.

दोराला हिसका बसला. आणि दान्यालने हात उघडले.

दोर त्याच्या हातून सुटला नाही. मी त्याच्यामागेच होते, मी पाहिलं. त्याने दोन्ही हात उघडले आणि वर केले, विस्तवाला हात लागल्यासारखे! आणि ओरडला. काय ओरडला ते शब्द नव्हते.

एल्स्पा धप्पकन बसली, गवतावरून घसरत चालली. दोर माझ्या तळव्यांतून सळसळत पळत होता, कातडं घेऊन. माझ्या टाचा खळग्यात होत्या. मी मागे झोकून दिलं. "धरा गं बायांनो! सोडू नका!" निक्लास रडत होता की ओरडत होता कळेना.

धरला. कसा ते मला विचारू नका. धरला.

मग निक्लासही दोराला आला, तिघांनी त्याला वर घेतलं. दान्याल बाजूला उभा, हात अजून वरच. ऐदुन कडेवरून गुडघ्यांवर आला. कपाळ फुटलेलं, एका हाताने बरगड्या धरलेल्या. माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल, असं वाटलं. नाही. तो दान्यालकडे गेला. त्याचे हात धरून खाली घेतले आणि लहान पोराला समजवावं तसं म्हणाला —

"असू दे रे. असू दे."

८ ऑक्टोबर

एल्स्पाने मलम लावलं, फडकी बांधली. तिचेही तळवे सोललेत. येता-जाता म्हणते, "दान्यालला काय झालं गं? भोवळ आली का?" मी म्हटलं, असेल.

दुपारी तो टेबलाशी बसला होता, हात समोर ठेवून. मी त्याचे तळवे पाहिले. एक ओरखडा नाही. स्वच्छ.

तेव्हाही असेच होते. आता आठवतं. बारुरला पुरलं त्या दिवशी हेच हात मी माझ्या हातात धरून बसले होते. ऐदुनच्या हातांना तेव्हा फडकी होती. मी म्हटलं होतं, बरं झालं, सडू देत.

जेवण केलं नाही. कुणीच.

१० ऑक्टोबर

हे ऐदुनच्या घरी बसून लिहितेय.

काल दान्यालला विचारलं, त्या दिवशी पुढे कोण होतं? तो भांडी धूत होता, पाठ माझ्याकडे. पाणी वाहत राहिलं. मग म्हणाला, "मी. पण त्याने मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, वहिनी माझ्याशिवाय जगेल, तुझ्याशिवाय नाही जगणार."

मी कोट घातला.

इथे चूल विझलेली. दोन बरगड्या मोडल्यात ऐदुनच्या, हे तो मला आत्ता सांगतो. मी सूप ठेवलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, घरी जा. एकटा आहे तो."

मी म्हटलं, "राहू दे की. आता त्याची पाळी."