सुटलेल्या पोरांचा तपास

सातारा,
ता. ४ जानेवारी १९४६

तीर्थरूप अण्णांच्या पायांशी धाकट्या कल्लाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पण आमच्या सुधारशाळेवर संकट आलंय. कमिटीतले एक साहेब म्हणतात, इथं छडी नाही, फाटकाला कुलूप नाही. चोऱ्या केलेली पोरं अशानं सुधारतात याला पुरावा काय? मार्चात बैठक आहे. त्यांना पटलं नाही तर शाळा बंद आणि पोरं थेट तुरुंगात. म्हणून कमिटीला दाखवायला मुलांची कवायत बसवतोय. सुटून गेलेल्या नाथाजीलाही बोलावणार आहे. गेल्या खेपेला त्याच्या भाषणावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
कल्लाप्पा

सांगली,
ता. ११ जानेवारी

चि. कल्लाप्पा यास बाळगोंडाचे अनेक आशीर्वाद.

कवायत कसली बसवतोस गड्या? दुरुस्त केलेलं इंजिन माझ्या दारात धडधडतंच. ते खरंच नीट झालं का, हे गिऱ्हाइकाच्या विहिरीवर भर उन्हाळ्यात कळतं. म्हणून तर मी गावोगाव जाऊन कान लावून येतो. तुझ्या सुटलेल्या सगळ्या पोरांची नावं पाठव. आवडती तेवढीच निवडशील तर मला कळेल. लहानपणी बोरंही तू तशीच वाटायचास. त्याच सुमारास पकडून तुरुंगात घातलेल्या पोरांचीही नावं दे. नुसती आपलीच बघून काय समजणार? वडूज, कोरेगाव, पलूस मी हिंडतोच आहे.

जिवाला जप. सौ. चंदनबालेस आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

सांगली,
ता. २० फेब्रुवारी

चि. कल्लाप्पास आशीर्वाद.

फिरून आलो. मी कोण ते कुठं सांगितलं नाही. पाणी मागायचं, ओट्यावर टेकायचं आणि ऐकायचं. तुझी बहुतेक पोरं कष्टानं खातात. तुरुंगातून आलेल्यांत पुन्हा चोरीत सापडलेली लय. पण काही नीट नांदतात, तेही लिही. ज्या बिराप्पाला तू ठोंब्या म्हणायचास, तो पलूसला लोहाराचा भाता ओढतो. शेजारची दगडाबाई म्हणाली, पोरगं गुणाचं हाय, नुसतं बोलत न्हाई. पण आवं पावणं, गावात बोलणारे काय कमी हायत?

आता कडू गोष्ट. तुझा नाथाजी वडूजला सायकल चोरून पुन्हा कोठडीत आहे. आणखीही काही घसरलेत, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: सुटल्यावर मोटार स्टँडवर सोडलं, पुढं कुणी विचारलं नाही. ज्यांचं काम आधी ठरलं होतं, ते टिकले. शाळा तुझी खरीच चांगली. पण फाटकाबाहेर हात सुटतो. नाथाजीचं नाव गाळू नकोस.

राग आला तरी पत्र धाड.

अण्णा

सातारा,
ता. १ मार्च

तीर्थरूप अण्णांस शि. सा. न. वि. वि.

राग आला होता. मग वडूजला जाऊन नाथाजीला भेटलो. म्हणाला, मास्तर, भाषण अजून पाठ हाय, पण ते ऐकून कामाला कुणी ठेवंना. मान खाली घालून परतलो. बैठकीत काय वाचायचं ते ठरलंय. चंदनबाला म्हणते, तुमच्या भावानं या खेपेला तुम्हालाच खोललं.

पाठीवरचा हात काढू नये.

कल्लाप्पा

सांगली,
ता. १५ मार्च

चि. कल्लाप्पास उदंड आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधीच मला बातमी कळली. तुझे ते छडीवाले साहेब काल उसाच्या मळ्यावरचं इंजिन घेऊन माझ्याच कारखान्यात आले. सोबत्याला सांगत होते, की सातारच्या त्या माणसानं आधी घसरलेल्यांची नावं वाचली, त्यातही पहिलं आपल्या लाडक्याचं. तपास सख्ख्या भावानं केलाय हेही लपवलं नाही, म्हणून साहेब स्वतः पलूसला जाऊन खात्री करून आले. एका बाईची बोलणीही खाल्ली म्हणे. शाळा राहणार. वर सुटलेल्या पोरांना काम बघून देणारा आणि मागाहून विचारपूस करणारा माणूसही नेमणार.

नाथाजी सुटला की माझ्याकडं धाड. त्याच्यापुरतं काम इथं ठरलं असं समज.

मी तुझा भाऊ, हे साहेबांना बोललो नाही. इंजिनावर वाकून कान लावला. ते विचारत होते, ठोका कुठं चुकतोय? गड्या, आजवर हा कान फसला नाही. पण काल तुझी ती गोष्ट ऐकल्यावर मला इंजिनाचं काही म्हणजे काही ऐकू येईना. शेवटी इंजिन ठेवून घेतलं आणि त्यांना उद्या या म्हणालो.

तुझा,
अण्णा