कोंबडी, कडी, जातं आणि सासू

आबा,

हे मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. मी ‘न्हाय’ म्हटलं की ही ‘नाही’ लिहिते, ‘गेलतो’ म्हटलं की ‘गेले होते’ करते. तेव्हा ही कोण शिकलेली बाई बोलायला लागली म्हणून दचकू नका. तुमचीच थोरली आहे. तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात कधी हा प्रश्न पडला नव्हता. गेल्या आठवड्यात तुमच्या धाकट्या लेकानं माझ्या जेवणात मिठाचा खडा टाकला म्हणून पडला. कोडोलीहून आला होता, गुळाची ढेप घेऊन. रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेत होता, आणि मी नातीला सांगत होते, की तुझ्या पणजोबांचे कान गेले होते, गाड्या दुरुस्त करताना त्यांचा कान मी होते. तर हा हसला. म्हणाला, “आक्का, पोरीला कशाला थापा मारतीस? आबांचा तळवा बॉनेटवर असायचा की. त्यांना हातानंच समदं कळायचं. तुझं मन राखायला इचारायचे तुला.” मी म्हटलं, “तुला काय ठावं? तू तवा पाळण्यात हुतास.” “पाळण्यात न्हाय, शेजारी बसलेलो हुतो. मला कधी इचारलं न्हाय त्यांनी,” असं म्हणाला आणि भाकरी मागितली. वाढली मी. पण आयुष्यभर मी मिरवलं ते हे एकच. तेव्हा खरं सांगा. गरज होती का माझी?

मला सगळं आठवतं. फौंड्रीत घणाच्या आवाजानं तुमचे कान गेले, आणि मग तुम्ही घरच्या अंगणात लोकांच्या जुन्या गाड्या बघायला लागलात. त्यातही जास्त करून सेल्फच्या. ही म्हणते, स्टार्टर लिहू या. मी म्हटलं, आबांना स्टार्टर म्हटलं तर कळायचं नाही, सेल्फच लिही. चावी फिरवली की इंजिनाला पहिला झटका देतो तो. मला शाळेत घातलं होतं तुम्ही, नाही असं नाही. मी दप्तर पेरूच्या झाडाला अडकवून मागच्या दारानं परत यायचे. आई कावली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ऱ्हाऊ दे. बसू दे माझ्याजवळ.” मग मी पायरीवर बसायचे, तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, गाडीवाला चावी फिरवायचा, आणि तुम्ही माझ्याकडं बघून विचारायचात, “काय म्हणती गं?”

गाडी काय म्हणते ते सांगायला मला शब्द कुठले यायला? मी माझे केले. टकटकटकटक असं दाणे टिपल्यासारखं वाजलं की कोंबडी. मग तुम्ही आधी बॅटरी बघायचात. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा मळ साचलेला असायचा. आधी काळी वायर सोडवायची, मग लाल, आणि मी चुलीवरचं कढत पाणी आणून द्यायचे. दाराची कडी पडावी तसा एकच खटका झाला की कडी. म्हणजे वीज पोचली, पण सेल्फ फिरायला तयार नाही. घर्रघर्र नुसतं रिकामं फिरतंय आणि इंजिनाला धरत नाही, ते जातं. आणि चावी फिरवूनही काहीच वाजलं नाही, तर सासू. आईची सासू, म्हणजे तुमचीच आई, रुसली की तोंडातून शब्द काढायची नाही, म्हणून.

एकदा गडमुडशिंगीचे एक पावणं आले होते, पांढरे कपडे, अत्तर लावलेलं. चावी फिरवली, काही वाजलं नाही, आणि मी पायरीवरून ओरडले, “आबा, सासूऽ!” मागच्या सीटवर त्यांची खरीच सासू बसलेली. ती दार उघडून खाली उतरली आणि म्हणाली, “व्हय, मीच सासू. काय म्हणणं हाय?” पावण्यांचा चेहरा कसा झाला होता! आईनं माझा कान पिळला, आणि काय झालं ते तुम्हाला कळेना. तुम्ही आपले एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. मग मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आणि तुम्ही पान्यासकट खाली बसलात. इतके हसलात की त्या सासूलाही हसू आलं. जाताना तिनं मला टोपलीतली बोरं दिली. ती मी आईला दाखवली नाहीत.

आता परवाचं सांगते. या लिहिणारीनं जुनी गाडी घेतली आहे. हुपरीला कामाला जाते, बसला कंटाळली. शनिवारी सकाळी निघाली, तर गाडी चालू होईना. मी तांदूळ निवडत होते, ते ठेवून बाहेर आले. म्हटलं, बरं झालं, धाकट्याच्या बोलण्याची आज परीक्षाच घेऊ. तुमच्यासारखाच तळवा ठेवला बॉनेटवर आणि म्हटलं, “मार सेल्फ.” हाताला काहीतरी लागलं, खोटं कशाला बोलू? आत काहीतरी दचकल्यासारखं झालं. पण ती कोंबडी होती का कडी, ते हाताला कळेना. पुन्हा मारायला लावला. पुन्हा तेच. आणि कानाचं म्हणाल तर आबा, तुमच्यासारखेच माझेही चाललेत. घरात कुणाला बोलले नव्हते. लोक बोलले की मी मान हलवते, हसले की हसते. सुनेला वाटतं, म्हातारी फार शांत झाली. ते मला बरंच पडतं.

मी विचारलं, “काय म्हणती गं गाडी?” माझे हे शब्द हिला पाठ. ती आतून ओरडली. मी म्हटलं, “कढी? दुपारी करू की. ताक हाय घरात.” पुन्हा ओरडली. मी पुन्हा म्हटलं, “काय?” तेव्हा ती खाली उतरली, फाटकाजवळ गेली, कडी उचलून खाडकन आपटली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “कडी, आज्जी! तुला ऐकू येत न्हाय?” “तुला बोलाय येत न्हाय.” “कधीपासनं?” “आधी गाडी बघ.” पण ती हलेना. माझा पदर धरून तशीच उभी. शेवटी मी म्हटलं, “झाली वरसं. आता बघतीस का गाडी?”

मग आम्ही तुमच्या रीतीनं गेलो. दिवे लावायला सांगितले. सेल्फ मारताना ते मंद झाले नाहीत, म्हणजे बॅटरी शाबूत. गिअर काढायला लावला, हँडब्रेक ओढायला लावला. तिनं बॉनेट उघडून मला आतला सेल्फ दाखवला, मी पदर खोचला, आणि ठोकायला लाकडी काही दिसेना म्हणून लाटणं आणलं. “आज्जी, त्यावर चपात्या लाटायच्यात!” “धुऊन लाटू. तू चावी फिरव.” पंख्यापासून हात लांब ठेवून हळूहळू ठोकलं, झोपलेल्या माणसाला उठवतात तसं. एकदा नाही, दोनदा नाही, आणि मग इंजिन धरलं. ते मात्र हाताला कळलं, दंडापर्यंत कळलं. मी ओरडून सांगितलं, सेल्फच्या आतले वीज नेणारे कार्बन झिजलेत, हे ठोकणं आजच्यापुरतं, सेल्फ उतरवून घे. ही गाडीतून बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. बोटानंच म्हणाली, ऐकू न येता तशी मान हलवू नकोस.

धाकट्याला फोन लावायला सांगितला. म्हटलं, “हातानं काय बी कळत न्हाय. मी बघितलं ठेवून.” तो काय म्हणाला ते हिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं: आबांचा हात कारागिराचा, आक्काचा भाकरी थापणारीचा. खरंच असेल. तुमच्या तळव्याला कळतही असेल.

आता ही मला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे, सोमवारी. कानात यंत्र बसवतात म्हणे. हे पत्र पाठवायचं कुठं, असं विचारत होती. मी म्हटलं, कुठं नाही, फक्त पुरं कर.

तर आबा, आता तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. त्या दिवशी ती दुसऱ्यांदा ओरडली, तेव्हाच मला ‘कडी’ ऐकू आलं होतं, अगदी स्वच्छ. तरी मी पुन्हा विचारलं. गाडीसाठी नाही, तिचं मन राखायलाही नाही. ती एवढा जीव काढून मला सांगत होती, ते मला आणखी एकदा ऐकायचं होतं.

बघा, हिचं पेन थांबलं. लिही गं. हेही लिही.