देवीला वाहिलेली गाडी

तुळजापूर,
११ जानेवारी २०२६

ती. सौ. विमलअक्कास,
राघवेंद्राचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्यापासून तुला पत्र नाही, त्याची माफी आधी मागतो. फोन करावा तर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक वाक्याला बरं बरं म्हणतेस. बोलून मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. शाकंभरी नवरात्र संपलं, यजमान गेले, शाळेचे पेपर तपासून दिले आणि आज बसलो. खरं सांगायचं तर वेळ नव्हता हे अर्धंच कारण. लिहायला बसलो की गाडीवरच लिहिणार आणि तू कळंबला बसून हसणार, म्हणून टाळत होतो.

तर गाडीवरच लिहितो. दिवाळीआधी क्लच प्लेट बदलली. त्यानंतर पुढच्या चाकांचे शॉकअब्सॉर्बर आणि बुश. मग दोन इंजेक्टर. एसी उन्हाळ्यात गरम हवा मारतो, मागची काच अर्धी खाली जाते आणि तिथंच राहते. आता गाडी पाणी पिते. दिसायला गळत कुठंच नाही, पण रेडिएटर सकाळी भरावा तर संध्याकाळी रिकामा. जाई म्हणते, बाबा, आपल्या नळाला आठवड्यातनं एकदा पाणी आणि गाडीला रोज, म्हणजे घरात लाडकी कोण ते कळलं. गौरीशंकर मिस्त्रीनं निदान केलं की हेड गॅस्केट गेलंय, पाणी इंजिनातच जळतंय. खर्च विचारला तर म्हणाला, महाराज, इंजिन उघडल्याबिगर कसं सांगू, सत्तर हजार धरा, पुढं देवीची मर्जी. भंगारवाला अख्ख्या गाडीला तेवढे देत नाही.

विकून का टाकत नाही, असं तू मागंही विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं होतं. गाडी अजून आपले यजमान कल्याणप्पा यांच्याच नावावर आहे. मुलगा आजारातून उठला तर देवीला गाडी वाहीन, असा त्यांचा नवस होता. सहा वर्षांपूर्वी तो फिटला आणि देवीला गाडीचं काय करायचं, म्हणून ती पुजाऱ्याच्या दारात, म्हणजे माझ्या दारात आली. हार घातलेली. तेव्हाच ती त्यांच्या डाळगिरणीवर अडीच लाख किलोमीटर चाललेली होती. मागच्या सीटखाली अजून तूरडाळ सापडते. कागद नावावर करून द्या, असं मला म्हणता आलं नाही. दिलेलं दान पक्कं करून मागितल्यासारखं वाटलं. त्यामुळं ती आजही कर्नाटकच्या नंबरावर फिरते. वर्षभरात नोंदणी इकडं करायला हवी होती, हे मला माहीत आहे. मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो.

आता खरा पेच. कल्याणप्पांचं गुलबर्ग्याहून पत्र आलंय. तीस तारखेला, शुक्रवारी, ते त्यांच्या आईला, नीलव्वांना, दर्शनाला आणतायत. अव्वा ऐंशीच्या पुढच्या, म्हणजे बहुधा हे शेवटचंच दर्शन. रेल्वेनं सोलापूरपर्यंत येतील आणि पुढं 'आपल्या देवीच्या गाडीतनं'. अव्वाला गाडी कशी ठेवलीय ते दाखवायचंय म्हणे. चार पिढ्यांचे यजमान, अक्का. आजोबांच्या वहीत त्यांच्या आजोबांचं नाव आहे. खरं सांगावं तर ते दुखावतील, न सांगावं तर सत्तर हजार. वरच्या खोल्यांना न्हाणीघर बांधायला ठेवलेले पैसे असेच निम्मे उडालेत आणि शुभांगीनं त्यावर बोलणंही आता सोडलंय. मला कल्याणप्पांचा लोभ जपायचाय की यजमान गमवायची भीती वाटतेय, हे मी स्वतःला विचारतो. दोन्ही, असं उत्तर येतं.

भाऊजींना नमस्कार. इतकं रडगाणं ऐकूनही भाऊ म्हणत राहा, एवढंच मागणं.

तुझा,
राघू

•

कळंब,
१५ जानेवारी २०२६

चि. राघवेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसले, ते कबूल करते. मग यांना वाचून दाखवलं तर हेही हसले. धर्माची गाय अन् दात का नाय, असं लोक दान घेणाऱ्याला टोचून विचारतात. तू मात्र बिनदाताच्या गाईला सहा वर्षं काजू चारतोयस.

तुझा पेच मला कळलाच नाही बघ. एक कार्ड घे आणि लिही की गाडी थकली, एक सही द्या, विकून टाकू. एवढ्यानं तुटण्यासारखे चार पिढ्यांचे संबंध असतील तर ते संबंध कसले? लहानपणी मामाकडं कडू दुधी पानात वाढला होता, तो तू मामीला वाईट वाटेल म्हणून खाल्लास, वर छान झालाय म्हणालास, आणि मामीनं आणखी वाढला. मग रात्रभर कोण ओकलं? तुझं त्या दिवसापासून काही पुढं सरकलेलं नाही.

आणि एक गोष्ट बजावून सांगते. म्हाताऱ्या माणसाला त्या गाडीत घालून घाट चढवू नकोस. सोलापूरला भाड्याची गाडी कर. लाज वाटली तर वाटू दे, लाजेनं कुणी मरत नाही.

माझ्या कानाचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणजे आमच्याकडंही मिस्त्री आहेतच. इकडं हरभरा बरा आहे. जाईला म्हणावं, आत्या तिच्या बाजूची आहे. शुभांगीला ये म्हणून सांग, ती न बोलता राहते हे मला आवडलेलं नाही.

रागावले तरी माया कमी होत नाही, हे जाणून असावं.

तुझी,
अक्का

•

तुळजापूर,
१८ जानेवारी २०२६

रा. रा. कल्याणप्पा यांसी,
राघवेंद्राचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपलं पत्र पावलं. अव्वा दर्शनाला येणार, याचा घरी सर्वांना आनंद झाला. अभिषेकाची वेळ धरून ठेवली आहे. खालचीच खोली देतो, म्हणजे अव्वांना जिना चढावा लागणार नाही.

गाडीबद्दल लिहायचं तर तिचं वय झालं आहे, त्यामुळं अधूनमधून किरकोळ कामं निघतात. पण आपण दिलेली वस्तू म्हणून आम्ही जिवापाड जपतो. आपण निर्धास्त यावं. मी स्वतः स्टेशनवर गाडी घेऊन येतो.

सोबत कुंकू आणि अंगारा पाठवला आहे. अव्वांना लावावा. देवीच्या कृपेखाली आपला आमचा स्नेह असाच नांदत राहो.

आपला,
राघवेंद्र

•

तुळजापूर,
१ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलेलं ऐकलं नाही. आता सगळं लिहितो, तुला हवं तेवढं रागाव.

मी मधला मार्ग काढला होता. इंजिन उघडायचं नाही, फक्त थर्मोस्टॅट आणि पाण्याचे होजपाइप बदलायचे, रेडिएटर धुऊन घ्यायचा. नऊ हजारांत काम झालं. गौरीशंकर म्हणाला, महाराज, लग्नापुरता रंग दिलाय, भिंत तीच हाय. मी म्हणालो, एका दिवसाचाच प्रश्न आहे. गाडीत पाण्याचे दोन कॅन ठेवले आणि त्यांवर चादर टाकली. चादर टाकताना माझ्या मनात काय होतं, ते रोजनिशीत लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

सोलापूरहून निघालो तेव्हा कल्याणप्पा खुशीत होते. डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणाले, बघ अव्वा, कशी ठेवलीय. अव्वा मागं बसल्या होत्या आणि अर्ध्या उघड्या काचेतनं येणारा वारा पदरानं अडवत होत्या. तामलवाडी मागं पडली तोवर तापमानाचा काटा मधेच होता. घाट लागला आणि काटा वर चढला. मी पंखा ऐकत होतो, काटा बघत होतो, आणि कल्याणप्पांच्या बोलण्याला बरं बरं म्हणत होतो. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधनं वाफ आली ती थेट काचेवर. पुढचं दिसेना. कशीबशी बाजूला घेतली.

अव्वांना उतरवून लिंबाच्या सावलीत बसवलं. मी कॅन काढले. कल्याणप्पांनी कॅन बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं की हे मला ठाऊक होतं. बोलल्या त्या अव्वा. मला विचारलं, ही रोज असंच करते काय रे बाबा? मी म्हणालो, कधी कधी. त्या म्हणाल्या, चढावर कधी कधी, की सपाटीवर बी? मला हसू आलं आणि त्याचबरोबर डोळ्यांत पाणीही. खरं काय ते सांगून टाकलं. क्लच, इंजेक्टर, गॅस्केट, सगळं.

मग त्या लेकाकडं वळल्या. आधी कानडीत काही म्हणाल्या, आणि नंतर मला समजावं म्हणून मराठीत. म्हणाल्या, नवस फेडला त्या वर्षी दारात दोन गाड्या हुत्या, एक नवी, एक ही. मी तवाच सांगितलं हुतं, देवीला नेसलेलं लुगडं वाहतेत काय? तर म्हणतो, अव्वा, देवी गाडी बघती व्हय, भाव बघती. आता भाव बघ तुझा, धूर सोडायलाय.

कल्याणप्पा चष्मा पुसत राहिले. साठीचा माणूस, अक्का, आणि कान लालबुंद. मागनं सोलापूर-तुळजापूर एसटी आली, ड्रायव्हरनं अव्वांना बघून थांबवली. कंडक्टरनं हात धरून चढवलं. त्या खिडकीला बसल्या आणि ही बरी हाय, असं मोठ्यानं म्हणाल्या. गाडी घाटातच राहिली, ती संध्याकाळी टोचन लावून आणली. टोचनवाल्याचे साडेतीन हजार वेगळे.

दर्शन छान झालं. अव्वांनी ओटी भरली. कल्याणप्पा गाभाऱ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभे होते. दक्षिणा नेहमीसारखी ठेवली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीनं निघताना दरवेळी म्हणतात तसं पुन्हा येतो म्हणाले नाहीत. चार पिढ्यांत हे पहिल्यांदा झालं असेल.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून लिहायचीय. अव्वा लिंबाखाली लेकाला बोलत होत्या तेव्हा मला बरं वाटत होतं. सहा वर्षांचा खर्च कुणीतरी वसूल करून देतंय असं वाटत होतं. ज्या माणसाला मीच सहा वर्षं गाडी छान आहे म्हणत आलो, त्याची मान खाली जाताना बघून मला बरं वाटलं.

काय लिहावंसं वाटेल ते लिही, पण लिही. तुझ्या शिव्यांवाचून राहवत नाही.

तुझा,
राघू

•

गुलबर्गा,
७ फेब्रुवारी २०२६

वे. शा. सं. राघवेंद्रजी यांना,
कल्याणप्पाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. अव्वाची तब्येत चांगली आहे. घाटात तिला त्रास झाला पण ती म्हणते, एसटीत मजा आली.

मला येताना तुमचा निरोप नीट घेता आला नाही, माफ करा. तोंड दाखवायची लाज वाटत होती. अव्वा रोज एकदा तरी विचारते, देवीचं काय केलास? मी ठरवलं आहे. मागच्या वर्षी घेतलेली माझी नवी गाडी उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, तुमच्या दारात आणून लावतो. तीही तशीच मोठी आहे, आठ माणसं आरामात बसतात. कागद तुमच्या नावावर करूनच आणतो. जुनी तिथंच राहू द्या नाहीतर विका, सह्या करून देतो.

नाही म्हणू नका. हे तुम्हाला नाही, देवीला आहे. तुम्ही नाही म्हणालात तर अव्वाला मी काय सांगू?

आमच्या घरावर तुमचा आशीर्वाद राहू द्या.

आपला नम्र,
कल्याणप्पा

•

तुळजापूर,
१२ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कल्याणप्पा नवी गाडी द्यायला निघालेत हे मी फोनवर ओरडून सांगितलं ते तुला ऐकू आलं म्हणायचं, कारण तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ : घे की रे, नशीब दारात आलंय. आजवर मला बोल बोल म्हणत होतीस आणि आता गप घे म्हणतेस.

घरात तुझ्याच बाजूचं मत आहे. जाई मैत्रिणींना सांगून बसलीय. शुभांगी पुन्हा बोलायला लागलीय, ही एक चांगली गोष्ट झाली. ती म्हणते, गाडी यात्रेकरूंच्या भाड्याला लावू, न्हाणीघर वर्षात होईल. तिचं चूक नाही. गौरीशंकर मात्र म्हणाला, महाराज, तिचे पाच टायर म्हंजे तुमचा महिन्याचा पगार, आन् पाच वर्षांनी परत माझ्याकडंच येणार की.

पण माझी अडचण टायरची नाही. घाटात आईनं पोराचे कान धरले, ते लाल झाले, आणि त्या लाजेतनं ही गाडी येतेय. ती घेतली तर लिंबाखाली मला जे बरं वाटलं होतं त्याचीच किंमत घेतल्यासारखं होईल. पहिल्याच वर्षी मी खरं बोललो असतो तर त्यांचा नवस त्यांनाच नीट करता आला असता. त्यांनी जुनी दिली हे खरं, पण छान आहे, छान आहे म्हणून मीच त्यांचं मन निवांत ठेवलं. मग त्यात माझाही वाटा झाला ना?

मी असं ठरवलंय. जुनी त्यांच्या सहीनं विकायची. जे येतील ते त्यांनी आपल्या हातानं देवीच्या दानपेटीत टाकायचे. नवसाचं देवीला पोचेल, मधे मी नको. सहा वर्षांत मी त्यात घातलं ते गेलं. शुभांगीला हे काल सांगितलं. तिनं ताट जरा आपटलं, पण मग म्हणाली की निदान या वेळी तोंडावर सांगा.

तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं. कल्याणप्पांना नकाराचं पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात अखेरीस आपली इच्छा असेल तसं, असं लिहून बसलो. दुसऱ्यात गाडीचं कौतुक झालं. तिसरं इतकं गोड झालं की त्याला होकारच समजतील. तुला लिहिताना माझी लेखणी सरळ चालते, यजमानांना लिहायला घेतलं की ती वाकते. जानेवारीतलं ते जिवापाड जपतो असलं पत्रही मीच लिहिलं होतं. म्हणून आता पत्र नाही. नकार अव्वांच्या देखत द्यायचा. त्या समोर बसल्या असल्या म्हणजे मला गोड बोलता येणार नाही, आणि त्यांना काय सांगू, हा कल्याणप्पांचा प्रश्नही उरणार नाही. त्या रागावतील की लेकाला आणखी बोलतील, काही अंदाज नाही. यजमान राहतील की जातील, त्याचाही नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझं ऐकलं नाही तरी तुझाच समज.

तुझा,
राघू

ता. क. उद्या : सकाळची गुलबर्ग्याची एसटी धरणे.