वडिलांना सोबत आणावे

१२ मे १९६४, अमरावती
कॉलेजचं पत्र. एम.डी.च्या जागेसाठी पुन्हा बोलावलंय. पहिल्या मुलाखतीत विभागप्रमुख (वि.प्र.) स्वतः म्हणाले होते, उत्तम. मग आता काय बघायचं राहिलं? खाली एक ओळ: वडिलांना सोबत आणावे.
वॉर्डातला सोबती देशमुख, त्यालाही बोलावणं. त्याच्या पत्रात वडील नाहीत. म्हणाला, "दुसऱ्यांदा बोलावलं म्हंजे जागा पक्की समज."
तुझी, म्हटलं.

२० मे
बाबा अकोल्याहून गाडीत बसून आले, मी त्याच गाडीत बडनेऱ्याला चढले. या उन्हात कोट! रेल्वेतल्या कुठल्या साहेबाचा मागून आणलेला. हरखलेले. मला शरम वाटली, मग शरमेचाच राग आला.
वि.प्र.नी खुर्ची बाबांना दिली. मी उभी. आडनाव ऐकून गाव विचारलं, गाव ऐकून मोहल्ला. मग, "मुलीचं लग्न कधी? आम्ही शिकवायचं आणि हिनं संसाराला लागायचं. जागा फुकट."
बाबांनी हात जोडले. "साहेब, तुमी म्हनाल तवा करतो."
म्हटलं, "सर, मला विचारा. परवा आडवं मूल आत हात घालून फिरवून काढलं, तेव्हा वडील सोबत नव्हते."
वि.प्र. बाबांनाच म्हणाले, "तोंड फार चालतं हिचं."
बाबा हसले. हसले!
परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. बडनेरा आलं तेव्हा बाबा, "काहून रागावली? मोठ्या मानसाले उलटून बोलते का कोनी? जागा गेली तं?"
"गेली तं जाऊ द्या."
खोटं. अजिबात जाऊ द्यायची नाही.

९ जून
देशमुखचं नाव लागलं. माझंही. पण अट: शिक्षण पुरं होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही, असं वडिलांनी लिहून द्यावं.
देशमुखचं लग्न याच उन्हाळ्यात झालं. त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. "आन ना सही, काय बिघडते?" म्हणतो. पेढा पुढे केला. घेतला नाही.

१२ जून, अकोला
बाबांना अट सांगितली. चष्मा लावला, पेन उघडला, "आन कागद, आत्ता लिहून देतो."
आई चुलीपासून ओरडली, "आन त्या बार्शीटाकळीच्या मास्तरले काय सांगान? हो म्हनून बसले ना!"
असं कळलं मला. बाबा खाली बघून, "कॉलेजच्या साहेबाले शब्द देल्ला होता, म्हनाल तवा करतो. म्हून पाहून ठेवलं."
म्हणजे मास्तरला माझ्या वतीनं हो, कॉलेजला माझ्या वतीनं नाही. वा.
म्हटलं, कोणालाच काही लिहून द्यायचं नाही.
"मंग जागा जाते! तुले कसं शिकवलं, माईत हाये?"
माहीत आहे. तरी पेन त्यांच्या हातून काढून घेतला. टोपण लावलं.

१३ जून, अमरावती
कॉलेजला लिहिलं. जागा स्वीकारते. वडिलांची हमी मिळणार नाही. लग्नाचं मी बघेन. पुरुष उमेदवारांना नसलेली अट मलाही नको.
'कृपया' दोनदा लिहून दोनदा खोडलं.

२४ जून
उत्तर नाही. देशमुख सामान बांधून गेला. जाताना म्हणाला, "उगाच अडून बसली." उगाच!
बाबांचं कार्ड आलं. मास्तरला कळवलंय, थांबा. नाही म्हणून नव्हे. थांबा.
उद्याची रजा टाकली. न बोलावता कॉलेजला जाणार. एकटी. वि.प्र.नी खोलीत घेतलं नाही तर दाराबाहेर उभी राहीन, उत्तर मिळेपर्यंत.