छत्तीस साहेब आणि एक पैलवान

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत आणि तिथे तुम्ही दोघंही तसेच असाल असं धरून चालतो (मामींचा गुडघा सोडून, त्याची चौकशी वेगळी समजावी). चार महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. राग रास्त आहे, पण मध्यंतरी मी साहेब झालो होतो, आणि साहेब लोकांना पत्र लिहायला सवड कुठून मिळणार? काही काम आहे म्हणून लिहितोय असं मात्र मनात आणू नका. सहजच बसलो लिहायला.

आमचा लोखंडी कपाटांचा कारखाना तुम्ही पाहिलेला आहेच. मंदी आली की माणूस सगळ्यात आधी कपाट घेणं थांबवतो, कारण आत ठेवायलाच काही उरलेलं नसतं. गेल्या वर्षापासून तयार कपाटं गोदामात मावेनात, म्हणून ती कँटीनमध्ये आणून लावली, आणि आम्ही दोन रांगांमधल्या बोळात उभ्याने जेवायला लागलो (एकदा वेल्डरमास्तरांनी आपला डबा एका कपाटात ठेवला आणि तो नेमका कुठल्यात, हे सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली). पुढे दुपारचा चहा बंद झाला. मग हात धुवायचा साबण गेला. रंगखात्यातल्या माझ्यासारख्या माणसाचे हात घरी जाताना आज कुठला रंग चालू होता ते गल्लीभर सांगत सुटायचे. साबणानंतर एकतर पगार जाणार नाहीतर माणसं, हे आम्ही ओळखून होतो.

आणि एके दिवशी मालकांनी आम्हाला फाटकापाशी जमवलं. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मालक म्हणाले, एकालाही कमी करणार नाही, पगारातला एक पैसा कापणार नाही, उलट तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेची कदर म्हणून सगळ्यांना बढती देतोय. आणि छत्तीस जणांच्या हातात छत्तीस पत्रं पडली. आजपासून आपण ‘सहायक पर्यवेक्षक’. आमच्यातला फक्त पैलवान तेवढा राहिला. हा आमचा हमाल, अंगाने काडी, पण कपाट एकटा उचलतो म्हणून हे नाव. तो त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होता, आणि त्याचं पत्र टाइप करायचं राहून गेलं.

मामा, खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो. घरी हिने ते पत्र दोनदा वाचलं आणि कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. अकरा वर्षांत त्या माझ्याशी थेट कधी बोलल्या नव्हत्या. मी समोर बसलेलो असलो तरी निरोप हिच्यामार्फत, ‘तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पंखा कमी कर.’ पत्रानंतरच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “जावईबापू, पाणी हवंय का?” तहान नसताना मी दोन पेले प्यायलो.

पगाराच्या दिवशी पाकीट हाताला हलकं लागलं. आम्ही आस्थापनेच्या कारकूनबाईंकडे गेलो. बाई भल्या आहेत, पण नियम वाचायला लागल्या की त्यांचा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा होतो. त्यांनी वाचून दाखवलं की पर्यवेक्षकाला ओव्हरटाइम लागू नाही. हजेरी भत्ता नाही. धुलाई भत्ता नाही, बूट नाहीत, दवाखान्याचा खर्च नाही. मूळ पगारातला एक पैसाही कापलेला नव्हता, मालक शब्दाला पक्के. वेल्डरमास्तर तीस वर्षांचे जुने. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे बाई, ही बढती आम्हाला महिन्याला केवढ्याला पडली?” बाईंनी मान खाली घालून आकडा सांगितला. साधारण चौथा हिस्सा. माझ्या उरलेल्या पगारात पोरांची फी आणि किराणा यांतलं एक काहीतरी बसत होतं, दोन्ही नाही. मी घरी सांगितलं की साहेबांचा पगार काही महिने उशिरा लागू होतो. हिने किराण्याची यादी पुढे ओढली आणि त्यातल्या दोन ओळी खोडल्या.

दोन महिने असे गेले आणि अचानक एका मोठ्या वसतिगृहाची मागणी आली. दोनशे कपाटं, तीही बुटकी, भिंतीत बसणारी, म्हणजे कँटीनमधल्या तयार मालाचा काही उपयोग नाही. मुदत पंधरा दिवस. मालक हसत खाली आले, टाळ्या वाजवून म्हणाले, चला लागा कामाला. कुणी हललं नाही. वेल्डरमास्तरांनी खिशातून बढतीचं पत्र काढलं, चष्मा लावला आणि कामाचं स्वरूप वाचून दाखवलं: देखरेख करणे, मार्गदर्शन करणे, अहवाल देणे. पुढे म्हणाले, “हत्यार धरणे असं कुठे दिसत नाही. तुम्ही बघता का जरा? माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत.”

मग आम्ही छत्तीस जणांनी हात पाठीमागे बांधून देखरेख सुरू केली. देखरेख कुणावर, तर पैलवानावर, कारण कारखान्यात कामगार तो एकटाच उरला होता. बिचाऱ्याने पत्र्याला हात लावला की चौफेर मार्गदर्शन व्हायचं. कटरवाला म्हणे डावीकडून धर, प्रेसवाला म्हणे उजवीकडून. पहिला तास त्याला गंमत वाटली. मग त्याने पत्रा खाली ठेवला, त्यावर बसला आणि म्हणाला, “साहेब लोक, तुम्ही आधी आपसात ठरवा, मी तोवर बसतो.” संध्याकाळी मालकांच्या टेबलावर छत्तीस अहवाल गेले. माझा अजून मला पाठ आहे: ‘रंगखात्यात आज सर्व काही कोरडे आहे, कारण काही रंगवलेले नाही.’

तिसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे आले (मी सगळ्यांत मवाळ, हे त्यांनाही ठाऊक). रंगाचं रिकामं पिंप उलटं करून त्यावर बसले. म्हणाले, बँकेवाले रोज फोन करतात, गाडी विकली, सहा महिने घरी काही नेलेलं नाही. ते खरं होतं. त्यांना बसने उतरताना मी पाहिलं होतं. मामा, मला पोटातून वाईट वाटलं. चांगला माणूस आहे, फक्त घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला वकील चांगला भेटला होता. त्यांनी विचारलं, “मग तुम्हाला हवंय तरी काय?” मी म्हटलं, “आमचं साहेबपण परत घ्या आणि आमचा साबण द्या.”

साबणापासून सुरुवात झाली म्हणून पुढचं सोपं गेलं. संध्याकाळपर्यंत वेल्डरमास्तर आणि मालक कँटीनच्या बोळात उभ्यानेच बोलत होते. ठरलं ते असं: ओव्हरटाइम, भत्ते, दवाखाना, सगळं पूर्ववत, दोन महिन्यांचं कापलेलं ट्रक गेल्यावर दोन हप्त्यांत, आणि या वर्षी पगारवाढ आम्ही मागायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनं सुरू झाली तेव्हा त्या खडखडाटानेही बरं वाटलं. चौदाव्या दिवशी शेवटचं कपाट ट्रकमध्ये चढलं. पैलवानाने त्या कपाटाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. म्हणाला, मार्गदर्शन पुरे झालं.

तर असं सगळं नीट पार पडलं. मामींच्या गुडघ्याला शेक चालू ठेवावा. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
भाचा

ता. क. एक बारीकसं राहिलं. मालकांचे वकील म्हणतात, चूक नसताना कुणाला खाली उतरवता येत नाही, तेव्हा प्रत्येकाने ‘मला पुन्हा कामगार करावे’ असा स्वतः अर्ज द्यायचा. पस्तीस जणांनी दिला. माझा तेवढा राहिलाय, आणि मुदत या महिनाअखेरपर्यंत. तुम्ही कोर्टात चाळीस वर्षं अर्ज लिहिलेत. मला असा एखादा लिहून पाठवा, जो मालकांनी वाचला तर मी खाली उतरलो असं दिसेल आणि चुकून घरात कुणाच्या हाती लागला तर आणखी वर चढलो असं वाटेल. सासूबाई अजून इथेच आहेत.

ता. क. २. अर्ज कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या नको.

ता. क. ३. ती. मामांना माझाही नमस्कार. यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. घर मी चालवते, त्यामुळे साहेबांचा पगार मला पहिल्याच महिन्यात समजला, आईलाही समजला. ती बोलायला लागली, कारण ओव्हरटाइम नसल्याने हे पाचला घरी यायला लागले आणि अकरा वर्षांत तिला जावई पहिल्यांदा धड जागा सापडला. पत्र वाचलं त्याच दिवशी अर्ज मी दोन ओळींत लिहिला, पोरांच्या शाळेच्या कागदांत घालून यांची सही घेतली आणि शुक्रवारी कारकूनबाईंकडे देऊन आले. म्हणजे हे शुक्रवारपासून पुन्हा कामगार आहेत. त्यांना अजून माहीत नाही. तुम्ही सावकाश लिहा.