पुलाच्या अलीकडे

अब्बा,

तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुम्ही असताना हे पत्र धाडलं असतं तरी ते वाचून दाखवायला मलाच यावं लागलं असतं. आता तोही प्रश्न उरला नाही. घरात आपण आपली बोली बोलायचो, पण माझी शाळा मराठी झाली, पुढं नोकरीही मराठी शाळेतच केली, त्यामुळे हातात पेन घेतलं की मराठीच येते. तुम्हाला ती परकी वाटायची नाही. टांग्यातल्या माणसांशी तुम्ही मराठीच बोलायचात, आणि इतकी आर्जवी बोलायचात की घरी तसं कधी बोलत नाही म्हणून मला त्या माणसांचा राग यायचा.

नाशिकरोड स्टेशनाबाहेरची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मुंबईची गाडी येऊन गेली आहे. यात्रेकरू वळकट्या डोक्यावर घेऊन बाहेर पडताहेत आणि टांगेवाले त्यांच्या बाह्या धरून ओढताहेत. स्टेशनातून गावात जाणारी ट्राम बंद पडल्यापासून सगळ्यांनाच जोर चढलेला. तुम्ही मात्र ओरडत नाही. टांग्याला टेकून उभे राहता आणि एखादं कुटुंब जवळ आलं की हळूच म्हणता, "पंचवटीला ना? बसा. वाटेत कोडी घालतो. सगळी ओळखलीत तर परतीचं भाडं नको." परतीला तोच टांगा कुणाला सापडतो? पण माणसं हसायची आणि बसायची. मग दूर डाव्या हाताला डोंगर दिसला की तुमचं सुरू व्हायचं:

डोंगराला खिडक्या फार, आत कुणी राहत नाही,
पाहुणे येती, हात जोडती, घरमालक पाहत नाही.

कुणी म्हणे किल्ला, कुणी म्हणे तुरुंग. तुम्ही पुरेसं ताणून मग सांगायचात, पांडवलेणी. काळ्या रामाचं कोडं होतं, नारोशंकराच्या घंटेचं होतं, भद्रकालीचं होतं. ही सगळी तुम्हीच जुळवलेली. रामाची कोडी मुसलमान टांगेवाला घालतो याचं काही लोकांना नवल वाटायचं. तुम्ही म्हणायचात, रस्ता आमचा, घोडा आमचा, मग कोडी काय पुण्याहून आणायची? अम्मी माझ्या लहानपणीच गेली, घरी मला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की आणि सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या शेजारी पुढच्या पाटावर बसलेली असायचे. कोडी मला अशी ऐकून ऐकूनच पाठ झाली. तेव्हा ती नुसती गंमत होती.

तुमचे डोळे कधी बिघडले ते मला नक्की सांगता येत नाही, कारण तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. आधी ते लाल असायचे, धुळीनं असेल असं वाटायचं. मग तुम्ही चहाच्या कपाच्या शेजारी हात ठेवायला लागलात. माणूस समोर आला हे तुम्हाला कळायचं, कोण आला ते कळायचं नाही. तरी धंदा चालला, कारण पांढऱ्या घोडीला सगळा रस्ता पाठ होता. ती स्टेशनापासून पंचवटीपर्यंत स्वतःच जायची, स्वतःच वळायची, तुम्ही लगाम हातात धरून राजासारखे बसायचात. त्या घोडीनं आपल्या दोघांना किती दिवस पोसलं हे मला खूप उशिरा समजलं. मग टांगा-घोडीच्या मालकानं ती विकली. म्हातारी झाली म्हणाला. तिच्या जागी तपकिरी घोडा दिला, तरणा, बिथरणारा, गावाला अगदी नवा. त्या दिवशी तुम्ही मला तबेल्याच्या मागे नेलंत आणि माझे दोन्ही खांदे धरलेत. "तुझ्या अब्बाला दिसत नाही बेटा," असं म्हणालात. "आता कोडी तू घालायची. किसी को बोलना नक्को."

युक्ती तुमचीच होती. पोरगी टांगेवाल्याला डावं-उजवं सांगू लागली असती तर बसलेल्यांनी लगेच ओळखलं असतं. पण पोरगी कोडं घालते म्हटल्यावर सगळे कौतुकानं बाहेर बघू लागतात, टांगेवाल्याकडे कोण बघतो? म्हणून ठरलं असं: वळणाच्या जरा आधी मी कोडं घालायचं, की तुम्ही घोडा सावकाश करणार. लोक चुकीची उत्तरं देत राहणार. नेमकं वळण आलं की मी उत्तर सांगायचं, आणि उत्तर कानावर पडलं की तुम्ही लगाम ओढणार. स्टेशनचा टांगा, त्यात सगळी बाहेरगावची माणसं, नाशिकची ठिकाणं त्यांना कुठली ओळखता येणार? तुम्ही मला तो सगळा रस्ता पायी चालवलात. कुठं कोडं, कुठं उत्तर, हे तुमच्या हाताला धरून मी घोकलं. एकदा रविवार कारंज्यापाशी मी बांगड्यांच्या गाडीकडे बघत राहिले आणि उत्तर उशिरा दिलं. घोडा सरळ एका भाजीवालीच्या टोपलीत गेला. घरी आल्यावर तुम्ही मला मारलंत. तुमचा हात आधी हवेतच फिरला, मी सरकले नाही म्हणून दुसऱ्यांदा लागला. मग दुसऱ्या दिवशी त्याच गाडीपाशी टांगा थांबवून म्हणालात, घे तुला हव्या त्या. मी हिरव्या घेतल्या. तुम्ही विचारलंत, कशा आहेत? मी म्हटलं, कैरीच्या सालीसारख्या. तुम्ही माझं मनगट नाकाशी नेऊन हुंगलंत आणि आपण दोघं खूप हसलो. त्या दिवसांतलं हसणं आठवायला बसले तर हे एवढंच आठवतं.

पुलाचं कोडं सगळ्यात अवघड जागेचं होतं. कारंज्यावरून उताराला लागलं की उजव्या हाताला रस्त्याची कड तुटलेली, खाली थेट घाटाकडे उतरणारा दगडी उतार. ती कड संपल्यावर पुलाचं तोंड येतं आणि तिथंच उजवीकडे वळायचं. आधी वळलं तर खाली. म्हणून हे कोडं मी उताराच्या सुरुवातीलाच घालायचे आणि उत्तर पुलाच्या अगदी तोंडाशी द्यायचे:

पाय पाण्यात, पाठ उन्हात, ओझं वाहतो गावाचं,
इंग्रज राणीचं नाव लावतो, पाणी पितो रामाचं.

त्या दिवशी टांग्यात एक बाई होत्या आणि त्यांचे म्हातारे सासरे. बाई चाळिशीच्या, भारी लुगडं, सामान पुष्कळ. स्टेशनवर त्यांनी नागपूरहून आलो एवढंच सांगितलं. सबंध रस्ताभर त्या गप्प होत्या, माझी कोडी सासऱ्यांनीच सोडवायचा प्रयत्न केला आणि चुकले. उतार आला. मी पुलाचं कोडं घातलं. तुम्ही घोडा सावकाश केलात. सासरे म्हणाले, "हत्ती असेल." आणि मागून बाईंनी टाळी वाजवून मोठ्यानं सांगितलं, "अहो पूल, आमचा पूल. माझं माहेर पंचवटीचं, मला नाही ओळखू येणार?"

अब्बा, तुमचा हात त्या शब्दाला बांधलेला होता. शब्द आला आणि हात ओढला गेला. आवाज माझा नाही हे तुमच्या डोक्यात येईपर्यंत घोडा वळला होता. मी "नको" म्हटलं ते मलाही ऐकू आलं नाही. एवढ्या महिन्यांत ते कोडं कुणी सोडवलं नव्हतं. कधीतरी एखादी माहेरवाशीण स्टेशनवरून आपल्याच टांग्यात बसेल, हे ना तुमच्या लक्षात आलं ना माझ्या.

टांगा उतारावरून घसरत गेला आणि आडवा झाला. बाईंचा हात मोडला. सासऱ्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ते उठून बसले. मला काहीच झालं नाही. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते आणि तो उठायचा प्रयत्न करत होता. पुढं त्याला गोळी घालावी लागली. पण त्या वेळी तो जो आवाज करत होता तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायचाही नाही. घाटावरची, पुलावरची माणसं धावत आली. गर्दीतून पोलीस हवालदार पुढे झाला.

"डोळे फुटले काय रं तुझे? दिसत न्हाय का तुला?"

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मातीत बसला होतात, एक हात माझ्या डोक्यावर होता. मला वाटलं, आता तुम्ही हो म्हणाल आणि सगळं संपेल.

"पिऊन होतो, साहेब," तुम्ही म्हणालात.

हवालदारानं वाकून तुमचं तोंड हुंगलं. "वास तर न्हाय येत."

"रातची आहे, साहेब. उतरली नव्हती."

"डोळे बघा की त्याचे," बाई कण्हत म्हणाल्या, "स्टेशनवरच लाल होते. मी बोलले नाही, म्हातारं माणूस सोबत."

मग सगळ्यांनाच तुमचे लाल डोळे दिसले. ज्या माणसानं जन्मात दारू चाखली नव्हती, जो दारूच्या दुकानावरून जाताना टांग्याचा वेग वाढवायचा, त्या माणसाला मी भर गर्दीत आपण प्यालो आहोत हे पटवून देताना बघितलं. मला तुमची लाज वाटली नाही. मला फक्त भीती वाटत होती की तुम्हाला ते नीट जमणार नाही. पण जमलं. तुम्हाला कोठडीत टाकलं आणि टांगा हाकायच्या परवान्याचा बिल्ला काही महिन्यांसाठी काढून घेतला.

घरी आल्यावर तुम्ही मला हिशोब समजावलात. दारुड्याचा बिल्ला परत मिळतो, आंधळ्याचा कधीच मिळत नाही. मला पटलं. तेव्हा मी एवढी लहान होते की तुम्ही पुन्हा टांगा हाकणार याचंही मला भय वाटलं नाही. बिल्ला खरंच परत मिळाला. पण घोडा कुठला मिळणार? जो तो मालक म्हणायचा, दारुड्याच्या हातात जनावर देऊ का? तुम्ही तबेल्यात गवत कापायला बसलात, चाचपत, अंदाजानं. गल्लीत तुमच्या सलामाला कुणी उत्तर देईना. शेजारच्या फुफीनं, तुमच्या सख्ख्या बहिणीनं, आपल्याकडे ताट पाठवणं बंद केलं. तिच्या नवऱ्याला मशिदीत लोक ऐकवायचे, तिचं तरी काय चुकलं? मशिदीत तुम्ही मागच्या रांगेत उभे राहायचात, आणि तुमच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असायची. हे मला फुफीच्या पोरांनी हसत सांगितलं.

मी रडत तबेल्यात आले. म्हटलं, अब्बा, आता बिल्ल्याचा काही उपयोग नाही, निदान मौलवीसाहेबांना तरी खरं सांगा. मीच सांगते, हवं तर. तुम्ही विळा खाली ठेवलात.

"खरं सांगितलं तर लोक विचारतील, आंधळा हाकत होता तर बघत कोण होतं?" तुम्ही म्हणालात. "म्हणतील, पोरीनं टांगा खड्ड्यात घातला. बाईचा हात पोरीनं मोडला, जनावर पोरीनं मारलं. तुला उभा जन्म काढायचाय बेटा. मेरा क्या है. नक्को बोलू."

मग तुम्ही माझ्याकडून शपथ घेतलीत. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की तुम्ही खोटं बिल्ल्यासाठी बोललात. घाटावर, मातीत बसल्या बसल्या, तुमचा हात माझ्या डोक्यावर होता ते मला तबेल्यात आठवलं.

थंडीत तुम्हाला ताप आला आणि छातीत कफ भरला. जनाज्याला माणसं जमेनात. खांदा द्यायला तबेल्यातला एक, फुफीचा नवरा आणि दोन अनोळखी माणसं, जी मशिदीपाशी सहज उभी होती. वाटेत खांदा बदलायला कुणी नव्हतं, म्हणून ते मध्ये दोनदा थांबले. मी दारातून बघत होते. सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं असं मला वाटलं आणि मी तोंडात ओढणी कोंबली. तुम्ही शपथ घातलीत ती सोडवलीत मात्र नाही, अब्बा. मरायच्या आधी एकदा म्हणायचंत, आता बोल. मी वाट बघत होते. तुम्ही पाणी मागितलंत, आणि घोडी कुठं आहे असं विचारलंत. याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर माझं बरं चाललं. फुफीनं वाढवलं, शिकवलं, दारुड्याची पोर म्हणून जरा जास्तच मायेनं. लग्न झालं, नोकरी झाली, मुलं झाली. नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नाही. तो भला माणूस होता, त्यानं तुमचा विषय कधी काढला नाही आणि त्याला वाटायचं की तो मला जपतोय.

गेल्या आठवड्यात नात एका लग्नाहून आली. तिथं फुफीच्या नातवंडांनी तिला जुन्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी मेथी निवडत बसले होते. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "दादी, तुझे अब्बा दारू प्यायचे? त्यांनी टांगा उलटवला, घोडा मेला, खरंय?"

आता कोण उरलं आहे? ती बाई गेली असेल, हवालदार गेला, फुफी गेली. मला बोल लावायला कुणी नाही. तुमचं नाव एका वाक्यात धुऊन निघालं असतं, आणि ते ऐकायला माझ्याच रक्ताची, शहाणी, शिकलेली मुलगी समोर बसली होती.

मी म्हटलं, "हो."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "बिचारी गं तू," म्हणाली. "कसं काढलंस त्यांच्याबरोबर?"

तुमची शपथ पाळली असं मी स्वतःला सांगितलं असतं, पण तुम्हाला खोटं सांगून काय करू? ती मला कवटाळून बसली होती, अब्बा, आणि मला ते फार बरं वाटत होतं.