चुकीचं इंग्रजी, दिवसातून तीनदा

ती. स्व. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच, उरलेला भेटीत). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझे मेहुणे निवृत्त झाले तरी त्यांच्यातला इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला नव्हता, हे मी तुला सांगायला नको. लोक आमंत्रण द्यायला यायचे आणि हे आधी खिशातून लाल पेन काढायचे. शेजारचे वकील तर यांना जिन्यात पाहिलं की घाईघाईने मराठीत शिरायचे. असा हा माणूस गेल्या वर्षी जेवता जेवता मला म्हणाला, "लेट अस डिस्कस अबाउट द गॅस सिलिंडर." अरे, 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावला म्हणून यांनी सोसायटीच्या सभेत भल्याभल्यांना खाली बसवलं होतं! मी टाळ्या पिटल्या, "सापडलात!" म्हटलं. जन्मभर माझ्या चुका काढल्या, एकदा तरी माझी पाळी आली होती. ते म्हणाले, "काय चुकलं?" खरंच विचारलं रे. माझं हसू तोंडातच राहिलं.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणार. मला आता कधी 'बाई' म्हणतात, कधी 'अहो मॅडम' (एवढ्या आदराने त्यांनी मला आयुष्यात हाक मारली नव्हती, नको झालाय तो आदर). औषध सापडलं ते अचानक. डॉक्टरांना मी सांगत होते, "ही डोन्ट स्लीप." तर खुर्चीतून तो जुना आवाज आला, "डझन्ट!" पाठोपाठ मान वळली, मला नावाने हाक मारली आणि चष्मा कुठे ठेवलास म्हणून सगळ्यांदेखत माझ्यावर डाफरले. दादा, त्या डाफरण्याने मला तिथेच रडू फुटलं. संध्याकाळपर्यंत ते आमचे होते.

तेव्हापासून आमच्याकडे चुकांचा रतीब चालू आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सूनबाई कंपनीत दिवसभर चोख इंग्रजी बोलते आणि घरी आल्यावर चपला काढता काढता "आय डिडन्ट वेन्ट" म्हणते. वकील दारात उभे राहून "आय हॅव कम येस्टरडे" म्हणतात; चेहरा असा, की कोणी दात उपटतंय. (इस्त्रीवाल्याला काही शिकवावं लागलं नाही, तो मूळचाच गुणी आहे.) पण हल्ली गुण येत नाही. आमच्या चुका शिळ्या झाल्या असाव्यात. हे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि "व्हेरी गुड" म्हणतात. ज्या माणसाने कधी कोणाला सुखासुखी पास केलं नाही, तो सगळ्यांना पास करत सुटलाय. मला ते बघवत नाही.

असो. तुला काळजीत टाकावं म्हणून हे लिहिलं नाही. एवढा प्रवास तुझ्या गुडघ्याला झेपायचा नाही, तेव्हा येऊ बिऊ नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : येऊ नकोस हे वर उगीच लिहिलं. ये. तुझ्या निरोपसमारंभात तू "वन ऑफ माय ऑफिसर" म्हणालास आणि यांनी पहिल्या रांगेतून "ऑफिसर्स!" असं ओरडून तुझं भाषण अर्ध्यावर बंद पाडलं, ते मी विसरले नाही. तेव्हापासून तू आमची पायरी चढला नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही. पण आम्ही सगळे पाठ करून चुकतो रे. तुझ्यासारखं मनापासून चुकणारं आमच्यात कोणी नाही. रागावू नकोस, हात जोडते.

आणखी एक : काल यांना तुझा फोटो दाखवला. ओळखला नाही. मग मी तुझ्याच ऐटीत म्हटलं, "वन ऑफ माय ब्रदर इज कमिंग." (भाऊ एकच असला म्हणून काय झालं!) ते लाल पेनासाठी खिसा चाचपायला लागले. मग हळूच म्हणाले, "ब्रदर्स." आणि थोड्या वेळाने, "मेहुणे आपल्याकडे का येत नाहीत गं?"

काय सांगू त्यांना?